खिडकीतून टाकलेला रुमाल

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर राधानगरीची गाडी फलाटाला लागते. पुरती थांबायच्या आत माणसं तिला जाऊन भिडतात. दाराशी रेटारेटी सुरू होते, तेवढ्यात मागच्या खिडकीखाली उभा असलेला एक जण टाचा उंचावून काच सरकवतो, खिशातला रुमाल काढतो आणि आत सीटवर टाकतो. मग निवांत दाराकडे वळतो. दोन मिनिटांनी तो आत पोचतो तेव्हा गाडी भरलेली असते, मधल्या वाटेत माणसं उभी असतात आणि त्या एका सीटवर नुसता रुमाल बसलेला असतो.

वीतभर कापड. त्यानं धडधाकट माणसांना उभं कसं ठेवलं?

समाजात अर्थ कुठून येतो आणि तो सगळ्यांना सारखा कसा कळतो, यावर गेल्या सव्वाशे वर्षांत भरपूर जड लिखाण झालं आहे. त्यातला फिनॉमिनॉलॉजी नावाचा प्रवाह मला सगळ्यांत कामाचा वाटतो, कारण तो प्रश्नाला थेट फलाटावर आणून उभा करतो. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द सुचवले गेले, पण एकही तोंडात बसलेला नाही. म्हणून फिनॉमिनॉलॉजीच म्हणू या.

या प्रवाहाचा जनक एडमुंड हुसर्ल (१८५९–१९३८) हा मूळचा गणिताचा माणूस. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादी गोष्ट का घडते, कशाची बनलेली आहे, हे विचारण्याआधी ती आपल्यापुढे कशी येते ते नीट सांगा. फलाटावरून गाडीची एकच बाजू दिसते. पलीकडची बाजू, टप, आतल्या सीटा, चाकांचा आतला भाग, यातलं काहीच दिसत नाही. तरी कुणी 'लाल पत्र्याचा एक पट्टा दिसला' असं म्हणत नाही. 'गाडी आली' म्हणतो. न दिसणाऱ्या बाजू दिसणाऱ्या बाजूच्या पाठोपाठ येतातच, आपण त्या तर्कानं जोडत बसत नाही. रुमालाचंही तसंच. डोळ्यांपुढे कापड असतं आणि त्याची न दिसणारी बाजू म्हणजे त्याचा मालक. तो अजून दारात अडकला आहे, कसा दिसतो ते कुणाला ठाऊक नाही, पण 'कुणीतरी आहे' हे त्या कापडासोबतच येतं.

हे तपासायची हुसर्लची रीत म्हणजे कंसात टाकणं. शब्द गणितातला आहे आणि अर्थही तोच घ्यावा: कंसातला आकडा पुसला जात नाही, फक्त तूर्त बाजूला राहतो. 'रुमाल टाकणं बरोबर की चूक', 'एसटी महामंडळानं काय करायला हवं', 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' ही सगळी मतं कंसात. 'हे खरं आहे का' हा प्रश्नसुद्धा कंसात. इथं बरेच जण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या वाटेनं जातात आणि सगळ्यावर संशय घ्यायला लागतात. कंसात टाकताना संशय घ्यायचा नसतो. विश्वास जसाच्या तसा ठेवायचा आणि तो विश्वास कसा काम करतो ते बघायचं.

प्रत्यक्षात करून बघायचं तर वीस मिनिटं, एक फलाट आणि एक गाडी पुरे. वही आडवी धरून मधोमध रेघ मारा. डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, घडलं त्या क्रमानं: 'निळ्या चौकटीचा रुमाल, दुमडलेला, खिडकीकडच्या सीटवर. हिरव्या साडीतल्या बाई आल्या, रुमालाकडे बघितलं, मागं गेल्या.' उजवीकडे, त्याच ओळीसमोर, ते दिसताना आपण काय धरून चाललो ते: 'मुद्दाम टाकलाय', 'एकाच माणसाचा आहे', 'तो येणार आहे, लवकर', 'उचलला तर बोलणी बसतील'. गाडी सुटली की लिहिणं बंद. नंतर आठवून भर घालायची नाही. आठवताना आपण गोष्ट रचतो, आणि रचलेली गोष्ट नेहमीच जास्त शहाणी असते.

पहिल्या दोन-तीन वेळा वही बिघडतेच. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे उजव्या रकान्यात 'कारण' आणि 'म्हणून' घुसतात. 'गाड्या कमी म्हणून लोक असं करतात' हे वाक्य खरं असेलही, पण ते त्या बाईंना दिसलेलं नाही. त्यांना दिसली ती धरलेली जागा. दुसरी चूक उलट्या टोकाची: शास्त्रीय व्हायच्या नादात डावा रकाना कॅमेऱ्यासारखा लिहायचा. 'सुमारे पंचवीस सेंटिमीटरचं चौकोनी सुती कापड.' असं कापड त्या गाडीत कुणालाच दिसलेलं नसतं. अर्थ कापडावर मागाहून चिकटवलेला नसतो. माणूस आधी 'जागा धरलीय' असं बघतो, आणि त्याला कापडापर्यंत यायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. तिसरी चूक म्हणजे वहीची रोजनिशी होते: मला कंटाळा आला, मला गंमत वाटली. आपलं मन हा इथला विषयच नाही, वस्तू कशी समोर येते हा विषय आहे.

वही भरली की पुढचं काम मनातल्या मनात करायचं. हुसर्ल याला कल्पनेतला फेरफार म्हणतो: एकेक गोष्ट बदलून बघायची आणि अर्थ कुठं मोडतो ते शोधायचं. रुमालाच्या जागी वर्तमानपत्र ठेवा. अर्थ डळमळतो, कारण पेपर कुणी वाचून टाकूनही दिलेला असू शकतो. पाण्याची अर्धी बाटली? ती विसरून राहिली असं वाटतं. पिशवी ठेवली तर दावा रुमालापेक्षा पक्का, पण पिशवी खिडकीतून टाकायला जड आणि चोरीची भीती. शंभराची नोट? जागा तर जाईलच, नोटही जाईल. मळकं, तेलाचं फडकं? ते ड्रायव्हरचं असेल म्हणून लोक बाजूला सारून बसतील. एक चप्पल टाकली तर? भांडण.

या फेरफारातून जे उरतं ते असं: वस्तू अंगावरची हवी, म्हणजे तिच्यामागे एक देह आहे हे दिसावं. किमतीनं इतकी हलकी हवी, की ती चोरण्यात कुणाला रस नसावा. आणि ती 'राहिलेली' न दिसता 'ठेवलेली' दिसायला हवी. चौथी गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे काळ. रुमालाचा दावा विरत जातो. गाडी लागल्यावर पहिली काही मिनिटं तो भक्कम असतो, कंडक्टर चढला की कमजोर होतो आणि घंटी वाजून गाडी हलली की ते पुन्हा कापड होतं. तेव्हा कुणीतरी तो उचलून खिडकीच्या दांड्याला अडकवतो आणि बसतो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. सीटच्या वर रंगानं लिहिलेलं 'महिला' किंवा 'अपंग' हे असं विरत नाही. आरक्षणाचं तिकीट घेऊन कुणी आलं तर रुमालवाला वाद घालत नाही, मुकाट उठतो. म्हणजे रुमाल हा कागदी नियमाचा गरीब भाऊ नव्हे. त्याची जात वेगळी, त्याचा जीव गाडी लागल्यापासून सुटेपर्यंतचाच.

इथवर हुसर्ल पुरतो. अडचण येते ती दुसऱ्या माणसापाशी. मला रुमाल असा दिसतो हे ठीक, पण समोरच्यालाही तो तसाच दिसतो हे मला कुठून कळलं? १९२९ साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानांत आणि पुढं त्यांच्या ग्रंथरूपात हुसर्लनं याचं उत्तर द्यायचा मोठा प्रयत्न केला. दुसऱ्याचं शरीर माझ्यासारखं वागतं, त्यावरून तोही माझ्यासारखाच 'मी' आहे हे मला जाणवतं, असा साधारण त्याचा मार्ग. एकट्या जाणिवेतून सुरुवात करून दुसऱ्यापर्यंत पूल बांधायचा. माझ्या मते हा पूल पलीकडे पोचत नाही, आणि हे माझं एकट्याचं मत नाही. आल्फ्रेड शुट्झनं १९५७ साली फ्रान्समधल्या र्वायोमाँच्या परिषदेत हेच मांडलं: दुसरा माणूस ही सिद्ध करायची गोष्टच नव्हे, आपण जगायला लागतो तेच दुसऱ्यांसोबत.

शुट्झ (१८९९–१९५९) व्हिएन्नाचा. कायदा शिकलेला, दिवसा बँकेच्या व्यवहारात आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान. १९३२ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं, १९३९ मध्ये नाझींपासून वाचून तो न्यूयॉर्कला पोचला आणि तिथंही बरीच वर्षं नोकरी सांभाळून शिकवत राहिला. पैशाचे व्यवहार रोज हाताखालून जात असल्यामुळे असेल, पण अनोळखी माणसं एकमेकांवर कशी विसंबतात हे त्याच्याइतकं बारकाईनं फार थोड्यांनी लिहिलं आहे.

त्याचं एक सूत्र मराठीत फुकट मिळतं. माक्स वेबरनं समाजशास्त्राला सांगितलं होतं की कृतीमागचा अर्थ समजून घ्या. शुट्झ विचारतो, कुठला अर्थ, आणि कधीचा? कृती करताना माणूस पुढं बघत असतो, तेव्हाचा अर्थ एक. झालेल्या कृतीकडे मागं वळून बघताना सापडतो तो दुसरा. हा फरक सांगायला त्याला जर्मनमध्ये दोन संज्ञा घडवून पानंच्या पानं लिहावी लागली. आपल्याकडे 'साठी' आणि 'मुळे' आहेत. रुमाल कशासाठी टाकला? जागा धरायसाठी. हे उत्तर टाकणाऱ्याच्या ओठांवर असतं. कशामुळे टाकला? आता तो थबकतो. 'गेल्या खेपेला राधानगरीपर्यंत उभ्यानं गेलो, पाय सुजले.' हे टाकताना त्याच्या मनात नव्हतं, विचारल्यावर त्यानं मागं जाऊन शोधलं.

मुलाखती घेणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीला बांधावी. प्रश्नावलीत 'का' हा शब्द शक्यतो ठेवू नये. 'का' म्हणजे साठीही आणि मुळेही, शिवाय त्याला जाब विचारल्याचा वास. 'रुमाल का टाकला?' म्हटलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो: 'सगळेच टाकतात, मी एकटा नव्हं.' घडत असताना 'हे कशासाठी?' विचारा, आणि 'कशामुळे?' गाडीत बसून, तिकीट काढून झाल्यावर. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या पानांवर लिहा.

आता मूळ प्रश्न. अनोळखी माणसाला माझा रुमाल कळेल, हे मी कशाच्या जोरावर धरतो? शुट्झच्या मते दोन गृहीतांच्या. पहिलं, जागांची अदलाबदल: तू माझ्या जागी असतास तर तुला जे दिसलं असतं तेच मला दिसतंय, आणि उलट. दुसरं, गरजांची जुळणी: तुझं-माझं आयुष्य वेगळं आहे, तू बाजारहाट करून चालला असशील, मी दवाखान्यातून, पण या कामापुरता तो फरक सोडून देऊ. दोन्ही गृहीतं सिद्ध झालेली नसतात आणि व्हायचीही नसतात. अडेपर्यंत ती धरून चालायचं. रुमाल टाकणारा आत येण्यापूर्वीच हे गृहीत धरतो आणि उभा राहणारा ते पाळून दाखवतो. दोघांची अजून भेटही झालेली नसते.

भेट झाली की मात्र तपासणी चालू होते, आणि ती बोलण्यात ऐकू येते.

'पाव्हणं, ही जागा हाय का?'
'रुमाल हाय की.'
'बरं.'

तीनच ओळी, पण त्यात सगळं आहे. 'हाय का' याचा अर्थ 'मोकळी आहे का'. उत्तरात हो नाही, नाही नाही, फक्त एक वस्तू दाखवली. त्या वस्तूवरून 'मोकळी नाही' इथपर्यंतचा रस्ता विचारणाऱ्यानं स्वतः चालायचा. आणि 'बरं' म्हणून त्यानं सांगितलं की तो पोचला. अमेरिकेत हार्वे सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी टेप केलेल्या संभाषणांवरून संभाषण-विश्लेषणाचं शास्त्र उभं केलं. १९९२च्या एका लेखात शेग्लॉफनं दाखवलं की समज तपासायची शेवटची पक्की जागा म्हणजे मूळ बोलणाऱ्याची पुढची पाळी. मी बोललो, तू उत्तर दिलंस, त्या उत्तरावरून तुला काय कळलं हे मला कळलं, आता मी ते चालवून घेतो किंवा दुरुस्त करतो. म्हणून 'यांना खरंच एकमेकांचं कळलं का' असं बघायचं असेल तर पहिली दोन वाक्यं सोडा, तिसरं ऐका.

'ही जागा हाय का?'
'रुमाल हाय की.'
'कुणाचा?'
'मला काय म्हाईत.'
'मग बसतो की.'
'बसा. यील तो.'

इथं तिसऱ्या ओळीत गाडी वेगळ्या रुळावर गेली. पण शेवटचं 'यील तो' बघा. बसायला परवानगी आहे, आणि रुमालाचा अर्थ तसाच शाबूत. शेजाऱ्याला त्या मालकाशी काही देणंघेणं नाही, तरी तो त्याची बाजू राखून ठेवतो. बसणारा बसतो खरा, पण अर्ध्या ढुंगणानं, दाराकडे बघत.

असं बोलणं ध्वनिमुद्रित करून लिहून काढायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि मिनिटभराच्या बोलण्याला तासभर लागेल ही तयारी ठेवा. मधले थांबेही लिहायचे. 'हाय का?' नंतर अर्धा सेकंद जास्त शांतता गेली तर विचारणारा पुढचं उत्तर न ऐकताच समजतो की काम नाही. ती शांतता वगळून नुसते शब्द उतरवले की संवाद कळतच नाही, आणि नवख्यांची बहुतेक टिपणं इथंच वाया जातात.

कोल्हापूरच्या आसपास दुसऱ्या एका रुमालाचंही राज्य होतं, जनावरांच्या बाजारात. दलाल आणि गिऱ्हाईक हस्तांदोलन केल्यासारखे हात पुढं करतात, वर रुमाल किंवा उपरणं, आणि खाली बोटं धरून भाव. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांतच. आता यातली गोम: बोट सांगतं 'चार', पण चार काय? चारशे, चार हजार की चाळीस हजार, ते बोट सांगत नाही. ते समोरचं जनावर सांगतं. दावणीला दुसऱ्या वेताची, कासेला भरलेली म्हैस असेल तर 'चार'चा अर्थ एक, आणि रोडावलेलं रेडकू असेल तर दुसरा. म्हणजे आकड्याचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, त्याची शून्यं, कुणीच कुणाला देत नाही. दोघांनी ती आधीच घरून आणलेली असतात. शुट्झ याला हाताशी असलेला ज्ञानाचा साठा म्हणतो. तो बहुतांशी स्वतःच्या अनुभवाचा नसतो, ऐकून-बघून, बापाच्या मागं बाजारात फिरून आलेला असतो आणि ठरावीक साच्यांत असतो: 'अशी म्हैस', 'असलं गिऱ्हाईक', 'सुगीतला भाव'.

बिघडतं तेही इथंच. ज्याच्याजवळ हा साठा नाही त्याला बोटं बरोबर मोजता येऊनही सौदा कळत नाही, आणि कळला नाही हे त्याला कळतही नाही, कारण रुमालाखालच्या बोलण्यात 'म्हणजे किती?' विचारायची सोयच नाही. नियंत्रित बाजारांत उघड लिलावाचा आग्रह आला तो याच झाकपाकीवर उतारा म्हणून. पण उघडं म्हणजे सगळं बोललेलं, असं समजू नये. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात भाव सगळ्यांसमोर मोठ्यानं पुकारतात, तरी 'क्विंटलला' हा शब्द कुणी दर वेळी लावत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गारफिंकेलनं १९६७ साली हेच सांगितलं: कुठलाही करार, कितीही कलमं घाला, शेवटी 'वगैरे'वर उभा असतो.

हा साठा आपल्याला स्वतःला दिसत नाही, बाहेरून येणाऱ्याला दिसतो. पुण्याकडून आलेल्याला पहिल्या दिवशी कानाला टोचतं ते म्हणजे इथल्या मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. कोल्हापुरात ते कुणाला ऐकूच येत नाही, इतकं ते सरावाचं. शुट्झनं १९४४ साली परक्या माणसावर लेख लिहिला, स्वतः देश सोडून आल्यावर पाच वर्षांनी. परक्याजवळ गावाचा नकाशा असतो, पण नकाशात 'तू इथं आहेस' हा ठिपका नसतो, असं त्या लेखाचं सार मी सांगेन. व्याकरणाचं पुस्तक घेऊन आलेल्याला 'मी आलो' ही चूक वाटते. ती चूक म्हणून सांगायला गेला की सगळा चौक त्याच्याकडे बघतो, आणि तेव्हा त्याला कळतं की मोजपट्टी त्याच्या हातात नाही.

मराठीनं आणखी एक हत्यार दिलं आहे. जर्मन 'वीर' किंवा इंग्रजी 'वी' यांना जे जमत नाही ते 'आम्ही' आणि 'आपण' करतात. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर, 'आपण'मध्ये आत (आदरार्थी 'आपण' वेगळा, तो इथं सोडा). दोघांच्या बाकावर तिसरा येतो आणि म्हणतो, 'सरका वाईच, आपण तिघं बसू.' त्यानं परवानगी मागितलेली नाही, 'आपण' म्हणून तो आधीच आत आलेला आहे. शुट्झ ज्याला समोरासमोरचं 'आम्ही-नातं' म्हणतो ते खरं तर 'आपण-नातं' आहे. दोघं एकाच जागी, एकाच वेळेत, एकमेकांचा चेहरा बघत जरा जरा म्हातारे होत असतात.

त्याच्या पलीकडे माणसं विरळ होत जातात. समकालीन: आहेत, पण भेट नाही, जसा रुमालाचा मालक. पूर्वज: त्यांच्यावर माझा काही परिणाम होत नाही, त्यांचा माझ्यावर होतो. आणि नंतर येणारे, ज्यांच्याबाबत हे उलटं. एका कृतीत यातले तीन थर एकत्र आलेले बघायचे असतील तर ६ मे २०२२ची सकाळ घ्या. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी १० वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. ज्याला आधी काहीच माहीत नव्हतं अशा एखाद्यानं त्या क्षणी चौकात काय बघितलं असेल? थांबलेली वाहनं. म्हणजे सिग्नल किंवा कोंडी. पण कोंडीत हॉर्न असतात, माना वळतात, इंजिनं चालू असतात. इथं माणसं गाडीवरून उतरून सरळ उभी, कुणी पुढं बघायचा प्रयत्न करत नाही. तेवढ्यावरून तो न सांगताही पाय जुळवून उभा राहिला असेल. १९५१ साली एकत्र वाजवणाऱ्या वादकांवर लिहिताना शुट्झनं म्हटलं होतं की सूर जुळायच्या आधी काळ जुळावा लागतो, दोघांनी एकमेकांचं आतलं वाहणं एका चालीत आणावं लागतं. शंभर सेकंदांत कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बाजूच्याला उभं राहिलेलं बघत आपण उभं राहायचं, आणि आपल्याला बघत तो. घड्याळानं शंभर, अंगानं बरेच जास्त.

अशा गोष्टी घट्ट कशा होतात, यावर पीटर बर्गर आणि थॉमस लकमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६६ साली चांगलं लिहिलं. ते क्रियापदांत सांगता येतं. एकटा असताना 'मी असं करतो'. दुसरा आला की 'आपण असं करतो', तेव्हाही ते दोघांच्या हातातलं असतं, उद्या बदलता येतं. तिसरा येतो, लहान मूल किंवा नवा माणूस, त्याला सांगितलं जातं 'असं करतात'. कर्ता गळाला. आणि त्या मुलाला स्वतःला दिसतं ते 'असंच असतं'. रुमाल टाकायची सुरुवात कुणी केली हे कुणी विचारत नाही, कारण 'असतं'ला सुरुवात नसते.

याच ठिकाणी शुट्झ मला कमी पडतो. जागांची अदलाबदल करायची म्हणजे समोरच्याच्या जागी मी असू शकतो हे आधी मान्य हवं. ज्या समाजात एकाचा हात पाण्याला लागला तर पाणी बाटतं, तिथं ही अदलाबदल सगळ्यांना उपलब्ध नव्हती. आणि तरी तोही सगळ्यांना कळणारा, सगळ्यांनी पाळलेला अर्थच होता. कोल्हापूर संस्थानात राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. फिनॉमिनॉलॉजीच्या नजरेनं बघितलं तर इथं मतपरिवर्तन शोधू नये. बरोबरच्यांच्या मनात काय होतं ते असो, चौकात सगळ्यांना दिसेल असा त्यांनी कप ओठाला लावला. 'असं करतात'ला छेद द्यायला दुसरं, तितकंच उघडं करणं लागलं. आणि ते राजाला जमलं, कारण त्याचा कप लोकांना दुर्लक्षिता येत नव्हता. तोच कप दुसऱ्या कुणी ओठाला लावला असता तर 'बिघडला बिचारा' म्हणून लोक पुढं गेले असते. रुमालाचंही थोडं तसंच. तो कुणाचा असू शकेल, या अंदाजावर त्याचं वजन ठरतं, आणि रुमालाऐवजी मळकं फडकंच जवळ असलेल्या माणसाला ते वजन कधी मिळत नाही.

गारफिंकेलनं असे अर्थ उघडे करायला मुद्दाम मोडतोडीचे प्रयोग केले. विद्यार्थ्यांना सांगितलं, घरी जाऊन पंधरा मिनिटं ते तासभर पेइंग गेस्टसारखं वागा: नम्रपणे, विचारून, परवानगी घेऊन. घरच्यांना गंमत वाटेल अशी अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. लोक चक्रावले, बऱ्याच घरांत चिडले, काय झालंय म्हणून कारणं शोधायला लागले. आपल्याकडे आईला 'जेवण मिळेल का?' असं विचारून बघा, किंवा 'जेवलास का?' म्हणणाऱ्या काकांना 'म्हणजे नक्की काय विचारताय?' असं उलट विचारा. एकदाच, आणि लगेच खुलासा करून टाका. गाडीत कुणाचा रुमाल उचलून हा प्रयोग करू नये. तिथं समोरच्याला प्रयोग आहे हे ठाऊक नसतं, आणि पायाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाची जागा हा आपल्या वहीचा विषय नाही.

आता वातानुकूलित गाड्या येताहेत, त्यांच्या काचा सरकत नाहीत. रुमाल बाहेरून आत जायची वाटच बंद. बिनआरक्षणाच्या खेपेला अशा गाडीत काय होतं ते बघण्यासारखं आहे. घोळक्यातलं एक चपळ पोरगं पहिल्यांदा आत घुसतं आणि पुढून मागं जाताना एका सीटवर रुमाल, दुसरीवर टोपी, तिसरीवर स्वतःची पाण्याची बाटली ठेवत जातं. वर कल्पनेत बाटली कुचकामी ठरली होती. इथं ती चालते, कारण चौथ्या सीटवर ते पोरगं स्वतः बसलेलं असतं आणि कुणी बाटलीकडे बघितलं की लगेच म्हणतं, 'आमची हाय. मावशी येत्यात.'